खुंटीवरचा शर्ट

एक्स-रे काढणाऱ्याच्या खिशाला एक बॅज असतो. त्याला किती रेडिएशन लागलं, ते तो बॅज मोजतो. पण त्या महिन्यात हा एक्स-रेवाला तर रजेवर, आणि बॅजचा आकडा भलताच चढलेला. एक्स-रेच्या खोलीला कुलूप लागलं, मशीन खोलून तपासलं. मशीन बिचारं निर्दोष निघालं.

“बॅज होता कुठे?” साहेबांनी विचारलं.

“घरी. चुकून शर्टालाच राहिला होता. शर्ट खुंटीवर.”

“मग घरी मशीन बसवलंय की काय?”

त्याच्या बायकोने थायरॉइडसाठी किरणोत्सारी औषध घेतलं होतं, तिच्या अंगातून काही दिवस किरण बाहेर पडणार होते, हे खरं. रजा त्यासाठीच तर होती. पण त्याने नियम अगदी डोळ्यांत तेल घालून पाळले होते. ती आतल्या खोलीत, हा बाहेर सोफ्यावर. ताट तिच्या उंबऱ्याशी ठेवायचं, लांब सरकायचं आणि मग विचारायचं, “मीठ बरोबर आहे ना गं?” खुंटी तर पार पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला.

घरी आल्या आल्या त्याने खुंटीपासून तिच्या पलंगापर्यंतचं अंतर टेपने मोजलं. पुन्हा मोजलं. डोकं खाजवलं. एवढ्या लांबून एवढा आकडा? हिशेब काही केल्या जुळेना.

ती दारात उभी राहून बघत होती.

“उगाच मोजताय,” ती हळूच म्हणाली. “शर्ट नुसता दिवसाच असायचा खुंटीवर. तुमचा डोळा लागला, की मी तो कुशीत घेऊन झोपायचे.”