उंबऱ्यापलीकडचं राज्य

घराचा पोर्च न्यू मेक्सिकोत शिरला तेव्हा वेल्डन टॅकेट अजून टेक्सासातच होता. स्वयंपाकघरात, डुलत्या खुर्चीत बसून. बायको इमोजीन मात्र पोर्चवर पाय सोडून बसली होती, म्हणजे ती पोचली होती.

सबंध लाकडी घर उचलून ट्रकवर ठेवलं होतं. सकाळपासून ते कापसाच्या शेतांमधून गलबतासारखं सरकत आलं होतं. या खिडकीतून आलेला कापूस त्या खिडकीतून बाहेर जात होता. एका हरणाने तर बराच वेळ बरोबर पळत खिडकीतून आत डोकावून घेतलं आणि पडदे न आवडल्यासारखं तोंड फिरवलं. असं घर नेताना आत माणसं बसवायला मनाई आहे. म्हणून ड्रायव्हर डबने दिवसभर आत बघितलंच नाही.

सूर्य टेकल्यावर असं घर रस्त्यावर चालवायलाही मनाई. डबने ट्रक कडेला घेतला. दोन राज्यांच्या हद्दीची पाटी नेमकी दाराच्या उंबऱ्यासमोर आली. पोर्च पलीकडे, बाकीचं घर अलीकडे. डबने हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, पण खाली उतरून तो गालातल्या गालात हसत होता हे खरं.

"बाईसाहेब, काय ठरलं मग?" त्याने टोपी काढून विचारलं. "सकाळी सरळ तुमच्या बहिणीकडे, की मागे फिरून यांच्या भावाच्या माळावर? मागे फिरायचं तर मला आत्ताच परवानगीसाठी फोन करावा लागेल. घर म्हणजे काही सायकल नव्हे."

"त्याला विचार," इमोजीन म्हणाली.

"मागे!" आतून आवाज आला. "आमच्या घराण्यातला माणूस टेक्सासाबाहेर फक्त लढाईला गेलाय. आणि एकदा पळालेली घोडी आणायला."

"घोडी आली का परत?" इमोजीनने विचारलं.

"नाही आली."

"शहाणी होती."

डबने टोपी परत घातली, पुन्हा काढली.

"वेल्डन, ऐक," इमोजीन मागे न बघता म्हणाली. "जन्मभर सपाट बघितलं मी. आता नजरेला टेकायला काहीतरी हवं. मागच्या दारी डोंगर हवा मला. घर मागे गेलं तर मी इथेच उतरणार. बहीण न्यायला येईल."

"जा की! डोंगर म्हणजे आभाळाच्या मध्ये तडमडणारी अडचण."

बोलताना तो जोरात डुलत होता. त्या घराची जमीन पोर्चकडे जराशी उतरती होती. वेल्डन रागाने डुलला की खुर्ची तसूतसूने दाराकडे सरकायची. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी ती अशी सरकायची, आणि उंबऱ्याशी आली की तो उठून, शिवी हासडून, तिला मागे ओढायचा. जमिनीच्या लाकडात तिच्या दोन वाटाच पडल्या होत्या.

"सात वाजले," तो आतून म्हणाला. "अजून जेवणाचा पत्ता नाही. आपल्या घरात सहाच्या ठोक्याला जेवण असतं."

इमोजीनने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि काटा एक तास मागे घेतला. न्यू मेक्सिकोचं घड्याळ टेक्सासाच्या तासभर मागे चालतं.

"इथे सहाच वाजलेत," ती म्हणाली आणि टोपलीवरचं फडकं काढलं. मक्याचा ब्रेड, लोणी, उकडलेले बीन्स. "इथे जेवण अगदी वेळेवर आहे."

"मग आण इकडे."

"तिकडची वेळ टळून गेली."

तेवढ्यात करकोचे आले. आधी नुसता आवाज, जुनं फाटक लांबून कुरकुरावं तसा. मग आभाळभर माळा. रस्त्यालगतच्या उथळ तळ्यावर ते उतरू लागले. तळंही हद्दीवरच होतं. काही पक्षी सात वाजता उतरत होते, काही सहा वाजता, आणि पाणी दोन्हीकडे सारखंच गुलाबी होतं. दूर पश्चिमेला, ढग म्हणावा की डोंगर अशी एक निळी रेघ उमटली होती.

"काय आहे ते?" वेल्डनने विचारलं.

"कुठे काय?"

"ते निळं."

"अडचण," इमोजीन म्हणाली.

 आत फक्त खुर्ची कुरकुरत होती. आता राग नव्हता तिच्यात, सवयीने डुलत होती. डबने फोन बाहेर काढून हातात धरला होता. इमोजीनने त्याच्याकडे बघून हळूच बोट ओठांवर ठेवलं.

खुर्चीची पुढची टोकं उंबऱ्याला लागली. कुरकुर थांबली.

इमोजीनने मान वळवली नाही. आता शिवी येईल, मग खुर्ची ओढल्याचा आवाज. ती कान देऊन वाट बघत बसली. तळ्यावर पंख फडफडले आणि शांत झाले.

"मी कुठेही आलेलो नाही," वेल्डन म्हणाला. आवाज अगदी जवळून आला. "खुर्ची आलीय."

"मग खुर्चीला विचार, लोणी लावू का म्हणून."

डबने फोन खिशात टाकला आणि उगाचच चाकं तपासायला गेला.

खुर्ची पुन्हा एकदा डुलली. मग सात वाजलेल्या घरातून सहा वाजलेल्या पोर्चवर एक सुरकुतलेला हात आला, लोणी लावलेल्या तुकड्यासाठी उघडा. इमोजीनने तुकडा दिला नाही. आपलाच हात त्यात ठेवला आणि करकोचे बघत राहिली.