पाऊण इंच

“भाभी, डोळं गेलं का तुमचं? ही डावी बाजू बघा कशी झोळ मारतीय!”

सिंधुबाईनं नवा ब्लाऊज शिलाईमशीनवर आपटला. पुतणीचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. अख्ख्या लासुर्ण्याचे ब्लाऊज शिवणाऱ्या मेहबूबबीच्या हातून कधी चूक झाली नव्हती, म्हणून तर सिंधुबाईला जास्तच चेव आला होता.

मेहबूबबीनं शांतपणे टेप घेतली. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग मापांची वही काढली. उजवीकडं दिवाळीत होतं तेवढंच. डावीकडं पाऊण इंच कमी.

“ब्लाऊजात खोट न्हाय, सिंधू. बारामतीला जा. छाती तपासून घे.”

“आँ? शिंपीणबाई डाक्टरीण कवा झाल्या?”

“आत्ताच. तपासणीचा कागद दाखव आन् ब्लाऊज घेऊन जा.” मेहबूबबीनं ब्लाऊज कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

सिंधुबाईनं घरी जाऊन तिचा यथेच्छ उद्धार केला. पण ब्लाऊज पैठणीवरचा होता. दोन दिवसांनी नवऱ्याच्या, सर्जेरावांच्या, मोटारसायकलवर बसून ती बारामतीला दवाखान्यात गेली.

मशीनच्या दोन पट्ट्यांत छाती दाबून फोटो निघाला. “रसवंतीच्या चरकात घातल्यावानी केलं,” सिंधुबाई कुरकुरली. फोटो नुसता पांढराधोप. छातीच आतून दाट, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यात काही दिसत नाही.

“काय न्हाय म्हणत्यात. चल, घरी,” सर्जेराव खुशीत उठले.

“काही नाही, असं म्हटलं नाही मी. दिसत नाही, असं म्हटलं,” बाईंनी त्यांना परत बसवलं. “एका बाजूचा आकार बदललाय. शिरेतून औषध देऊन पुन्हा फोटो काढू. गाठ असेल तर तिथं ते औषध साठतं, आणि फोटोत ती जागा उजळते.”

आधी रक्त तपासलं. मग दंडात सुई गेली. अंगभर ऊन ऊन वाटलं. पुन्हा तो चरक. आणि या वेळी पडद्यावर, डाव्या कोपऱ्यात, शेंगदाण्याएवढी जागा लख्ख उजळली.

तुकडा तपासायला गेला. आठवड्यानं कागद आला. कॅन्सर होता. “लवकर सापडलाय,” बाई म्हणाल्या. “तेवढाच भाग काढू. छाती राहील.”

सिंधुबाईनं मान हलवली खरी, पण घरी आल्यावर चुलीपुढं बसून राहिली. सर्जेरावांनी समजावलं, पोरीनं फोनवर रडून सांगितलं. तिचं एकच, “न्हाय करायचं आपरेशन. बाईमाणसाचं अंग कापून घेऊन चार बायकांत मी कशी जाऊ?”

तिसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. कागद मशीनवर टाकला.

“घ्या तुमचा कागद. आन् माझा ब्लाऊज द्या. लग्नाला जाती, आन् मग काय व्हायचं ते होऊ दे.”

मेहबूबबीनं कागद वाचला. दुकानाचा पडदा ओढला. मग सिंधुबाईचा हात धरला आणि स्वतःच्या छातीवर, डाव्या अंगाला ठेवला.

हाताला लागला तो नुसता कापूस. नीट पिंजून, गोल शिवून बसवलेला.

सिंधुबाई बघतच राहिली. “भाभी... कवापासून?”

“धा वर्सं झाली. तुज्या चार बायकांत रोज बसती की मी. कुणी वळखलं?”

मग सिंधुबाईनं पिशवीतून मोबाईल काढला. “अवो, त्या बाईस्नी सांगा, सोमवारी येतो म्हणून,” ती सर्जेरावांना म्हणाली. फोन ठेवून तिनं डोळे पुसले आणि तशातही तिला राहवेना.

“पर भाभी, तुमी का हो समदीच काढून टाकली? माजं तर जरासंच काढणार हायत.”

मेहबूबबी हसली. “तुला मी हुती. माजं माप घ्यायला कुणी न्हवतं गं.”