शालनचा सोमवार

माझी बायको शालन गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मी खानावळीची भट्टी विझवली. चौदाव्या दिवशी ती पुन्हा पेटवण्याआधी चिमणीच्या जाळ्या घासून लख्ख केल्या.

स्वयंपाकीण गिरजाक्का हसली. “दादा, तोंड धुतलं, घसा कोण धुणार? चिमणीच्या पाइपात साचलेलं तेल पेटलं, तर खानावळच जाईल. वहिनी दर सोमवारी झाकण उघडून आतून खरवडायच्या.”

तीस वर्षं सोमवारी मी बाजाराला जायचो. वाटायचं, ही घरी झोपते.

शिडीवर चढलो. हात कोपरापर्यंत काळे झाले.

“आणखी डावीकडं!” गिरजाक्का खालून ओरडली. “वहिनींना एवढं सांगावं लागत नव्हतं!”

“तिनं मला शिकवलं कुठं?” म्हणालो आणि हसलो. चौदा दिवसांत पहिल्यांदाच.

पाइप साफ झाला. छपरावरचा धूर ओढणारा पंखा अजून धुवायचा राहिलाय.