नव्वद दिवसांची मुदत

"इथे सही करा. बाराच्या आत निवेदन बाहेर गेलं पाहिजे," म्हणत वकीलबाईंनी कागद तिच्यापुढे सरकवला.

निवेदन चार ओळींचं होतं. कंपनीच्या अँटिव्हायरसमधली एक चूक माजी कर्मचाऱ्याने जगजाहीर केली. त्याआधी त्याने कंपनीला कसलीही सूचना दिली नाही. त्याच्यावर कायदेशीर कारवाई होईल. चौथ्या ओळीत ग्राहकांची माफी होती. सही तिचीच लागणार होती, कारण असल्या सूचना कंपनीत एकाच माणसाकडे येत, तिच्याकडे. आणि तो माजी कर्मचारी तिचा सख्खा मोठा भाऊ होता.

पेन उचलताना तिला जराही जड गेलं नाही. सकाळपासून डोकं तापलेलं होतं. दादाने चव्हाट्यावर मांडलेली चूक तिच्याच कामातली होती. अँटिव्हायरस संशयित फाइल पकडतो आणि एका बंद जागेत टाकतो. त्या जागेला ऑफिसात सगळे कोठडी म्हणत. ती कोठडी हिने बांधलेली. निर्दोष ठरलेली फाइल बाहेर काढून परत ठेवायची सोयही हिचीच. अँटिव्हायरसला कॉम्प्युटरवर मालकाइतके अधिकार असतात. फाइल परत ठेवताना तो ते सगळे वापरायचा, पण मागतंय कोण आणि ठेवायची कुठे, एवढं काही विचारायचा नाही. म्हणजे ज्याला साधा प्रिंटर जोडायची परवानगी नाही, असा माणूसही त्याच्याकडून हवी ती फाइल हवी तिथे ठेवून घेणार आणि अख्ख्या कॉम्प्युटरचा मालक होऊन बसणार. कुलूप फोडायची गरजच नाही. पहारेकरीच किल्ल्या काढून देत होता.

दादाने हे पायरी-पायरीने लिहून टाकलं होतं. दवाखाने, शाळा, सगळे ग्राहक उघड्यावर आले होते आणि दुरुस्तीचा पत्ता नव्हता. या धंद्यात एक रीत आहे. चूक सापडली की आधी कंपनीला गुपचूप कळवायचं, नव्वद दिवस वाट बघायची आणि मगच तोंड उघडायचं. ही रीत तिला शिकवली होती दादानेच. कीबोर्डवर बोटं कशी ठेवायची इथपासून सगळं त्यानेच शिकवलं होतं. चार वर्षांपूर्वी भर मीटिंगमध्ये त्याने तिच्या कोठडीच्या चिंध्या केल्या, घाईत बांधली म्हणाला, आणि नोकरी सोडून गेला. तेव्हापासून अबोला होता. पण अबोला वेगळा आणि पाठीत सुरा वेगळा. सकाळी मोठ्या साहेबांपुढे तिने त्याला घरभेदी म्हटलं होतं. साहेबांना तो शब्द फार आवडला होता.

पेन कागदाला लागणार तोच फोन वाजला. आई होती.

"दादावर कोर्टात जाताय म्हणे?"

"त्याने काय केलंय माहितेय का तुला?"

"मला त्यातलं काही कळत नाही. पण तुला तीनदा लिहिलं म्हणतो. तू एकालाही उत्तर दिलं नाहीस."

"खोटं बोलतोय तो."

"तो भांडेल, चार वर्षं तोंड दाखवणार नाही. पण खोटं नाही बोलायचा," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

वकीलबाईंकडून दहा मिनिटं मागून घेऊन ती आपल्या टेबलाशी आली. ईमेलच्या टपालात दादाचं काही नव्हतं, हे तिने सकाळीच पाहिलं होतं. तरी पुन्हा पाहिलं. मग तिला आठवलं, की कंपनीचं टपालही कंपनीच्याच अँटिव्हायरसमधून गाळून येतं. अडवलेल्या टपालाची यादी दर सोमवारी तिच्याकडे यायची. ती यादी न उघडताच पुसायची तिची सवय होती. कचऱ्यात कोण हात घालणार?

तिने टपालाची कोठडी उघडली. दादाची तीन पत्रं तिथे होती. पहिलं बरोबर नव्वद दिवसांपूर्वीचं. "छोटे, तुझ्या कोठडीत एक भोक राहिलंय. दुरुस्तीही करून पाठवतोय, बघून घे. तुझ्याआधी कुणाला सांगितलेलं नाही." दुसऱ्यात दुरुस्ती आणखी नीट करून पाठवली होती. तिसरं कालचं. "फोन लागत नाही तुझा. उद्या मुदत संपतेय. अजून थांबलो असतो, पण हे भोक दुसऱ्या कुणालातरी सापडलंय आणि त्याने ते वापरायला घेतलंय. लोकांना सावध करायलाच हवं. तुझं नाव कुठेच घातलेलं नाही."

तिने त्याचा लेख पुन्हा वर-खाली पाहिला. तिचं नाव खरंच कुठे नव्हतं. तिला लाजेने बसवेना. दुरुस्ती तीन महिने तिच्या हाताशी पडून होती. पत्रं कुणी अडवली, ते यादीत पुढे लिहिलेलं होतंच. ते वाचल्यावर तिने पान छापलं आणि वकीलबाईंच्या खोलीत निवेदनाच्या जागी ठेवलं.

वकीलबाईंनी चष्मा लावला. "तीन पत्रं. तिन्ही वेळेवर आलेली. यांना कायम अडवा असं सांगणाऱ्याचं नाव तुमचं. तारीख चार वर्षांपूर्वीची." त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं. "कारणापुढे तुम्ही टाइप केलंय, घरभेदी. हा कोण?"

"मी," ती म्हणाली.