दर्याकडे फिरवलेला भोंगा

१९७८ सालची गोष्ट. बंदरावरच्या शाळेत शनिवार-रविवार साहित्य संमेलन भरलं होतं. मासेवालीची सून पहिल्यांदाच कविता वाचायला माइकसमोर उभी राहिली आणि नेमकी किनाऱ्यावरून हाक आली, "रापण इली!" जाळं ओढायला सगळा मांडव उठला.

सासूनेही टोपली उचलली. "आये, तुमी तरी थांबा," सून काकुळतीने म्हणाली.

"आणि चुलीर काय ठेवू, तुजी कविता?" सासू निघाली, पण जाता जाता भोंगेवाल्यावर ओरडली, "मेल्या बाबी, भोंगो दर्याकडे फिरव. माजी सून वाचतली!"

सुनेने रिकाम्या खुर्च्यांपुढे कविता वाचली, सासूच्या भेगाळलेल्या हातांवरची. खाली दोर ओढणाऱ्यांचा गलका हळूहळू थांबला. कविता संपली तेव्हा किनाऱ्यावरून सासूचाच आवाज आला, "परत वाच गो!"

पुढे सुनेची तीन पुस्तकं निघाली. बाबीने बाजारात लाउडस्पीकरचं दुकान थाटलं. सासू अक्षर न शिकताच गेली; पण शेवटपर्यंत ती कविता म्हणून दाखवल्याशिवाय तिने कुठल्याही गिऱ्हाइकाच्या पिशवीत मासळी टाकली नाही.