बहात्तर ठोके

"माझी नाडी बघ गो, डॉक्टर. सकाळपासून छातीत धडधडता," म्हणत मासेवाल्या कृष्णाबाईने तारल्यांची पाटी घरापुढच्या खळ्यात उतरवली आणि पायरीवर बसून हात पुढे केला.

रॉविना अजून डॉक्टर झालेली नव्हती. गेल्या वेळी दोन विषय राहिले होते, ते उद्या कोल्हापूरला पुन्हा द्यायचे होते. पण तोंडवली गावात आईने तिला पहिल्या वर्षापासूनच डॉक्टर करून टाकलं होतं. तिने मांडीवरचं पुस्तक बाजूला ठेवलं, कृष्णाबाईचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं. तीसेक ठोके मोजले असतील नसतील, तिची मान खांबाला टेकली ती टेकलीच.

एस्पेरांसा लेकीची बॅग घेऊन बाहेर आली. सव्वीस वर्षं शाळेत शिकवणारी बाई; वर्गात कुणाची डुलकी तिने कधी खपवून घेतली नव्हती. हॉस्टेलवरच्या लेकीला रोज पहाटे चारला फोन करून उठवणारीही तीच.

"रॉविना! गाडी चुकतली!"

"हळू, बाई," कृष्णाबाई कुजबुजली. "कितके दिवस निजूक नाय ह्यां चेडू?"

"परीक्षा आसा उद्या. ह्या खेपेक पण विषय रवले तर..." एस्पेरांसाने बॅग पायरीवर टेकवली.

"रिक्षा येयपर्यंत तरी निजांदे."

ऊन पायरीवरून पाटीवर आलं. तारल्यांवर माशा घोंगावू लागल्या. कृष्णाबाई डाव्या हाताने पदर हलवून त्या हाकलत राहिली, उजवा हात तसाच. रॉविनाची बोटं केव्हाच मनगटावरून घसरून काकणांवर आली होती. जाऊ दे ती गाडी, असं एस्पेरांसाच्या मनात क्षणभर आलं. क्षणभरच.

दारात सत्यवानाच्या रिक्षाचा भोंगा वाजला. रॉविना ताठ बसली. डोळे अजून मिटलेलेच.

"बहात्तर," ती म्हणाली. "नॉर्मल आसा."

कृष्णाबाईने अवघडलेला हात सोडवून घेतला. "बरां झालां गो बाय," म्हणत तिने पाटी डोक्यावर चढवली, छातीवर एकदा तळवा दाबला आणि वाटेला लागली.

गणित न सोडवता लिहिलेलं उत्तर एस्पेरांसाला बघताक्षणी कळायचं. तिने वाटेवरच्या कृष्णाबाईकडे पाहिलं. तरी बॅग तिनेच उचलून रिक्षात ठेवली.