न झालेल्या सामन्यातला गुडघा

बंदरावरचा संघ एक-शून्यने जिंकला आणि गोल लखदरने मारला. आता हे विसरायचं. असा सामना झालेलाच नाही, आणि ज्यांनी तो पाहिला त्यांनीही तो पाहिलेला नाही.

लखदर तेरा हंगाम मधल्या फळीत खेळत होता. समोरच्याच्या पायातून चेंडू काढायचा आणि आपल्यातल्या जास्त देखण्या माणसाला द्यायचा, एवढंच त्याचं काम. मोहल्ल्यात त्याला प्लंबर म्हणत. पाणी थांबल्याशिवाय आठवण नाही. त्याच्या नावावर एकही गोल नव्हता. त्याची आई झुलीखा म्हणायची, "वलीदी, माझ्या लेकरा, तू एक गोल मार, मी अशी जगरूता घालीन की पार अन्नाबा शहरापर्यंत ऐकू जाईल." जगरूता म्हणजे लग्नघरात बायका जीभ नाचवून काढतात ती लांब किलकारी. लखदरचं लग्नही जमत नव्हतं. त्यामुळे किलकारी तिच्या घशातच अडकून होती.

हा सामना प्रेक्षकांविना खेळवायचा, असा लीगचा हुकूम होता. मागच्या खेपेला कुणीतरी लाइनमनला सॉसेजचं सँडविच फेकून मारलं होतं. (त्याने ते खाल्लं, पण तो मुद्दा वेगळा.) मैदानाच्या चारही बाजूंना इमारती. त्या दुपारी चारही इमारतींतल्या यच्चयावत लोकांनी एकाच वेळी बाल्कनीत कपडे वाळत घालायला काढले. म्हाताऱ्यांनीसुद्धा. न्हाव्यानेसुद्धा, जो तिथे राहतच नाही. लीगचे निरीक्षक सी तौहामी (सी म्हणजे श्रीयुत) खाली बाकावर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसले होते. त्यांनी वर पाहिलं. "आज धुण्याचा वार दिसतोय," म्हणाले, आणि पुढची बी तोंडात टाकली.

सामना संपत आला तेव्हा लखदरने लांबून फटका मारला. त्याच क्षणी एक आडदांड बचावपटू त्याच्या डाव्या गुडघ्यावर येऊन आदळला. लखदर तोंडावर पडला, नाकात माती गेली. आणि तिसऱ्या मजल्यावरून, दोन ओल्या चादरींच्या मधून, इतकी वर्षं साठवलेली जगरूता बाहेर पडली. पंच धावत आला. लखदर उठत नाही म्हणजे वेळ काढतोय, असं म्हणून त्याने त्याला पिवळं कार्ड दाखवलं.

सी तौहामींनी साल थुंकलं. कपडे किलकारी मारत नाहीत. म्हणजे प्रेक्षक हजर होते. सामना रद्द.

अन्नाबाच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करा, नाहीतर खेळणं तर सोडाच, जिनाही धड चढता येणार नाही. सामन्यात झालेली दुखापत असली तर ऑपरेशन लीग करून देते. म्हणून लखदर कुबड्या घेऊन लीगच्या कार्यालयात गेला. आई सोबत होतीच. टेबलामागे सी तौहामी होते. टेबलावर बिया होत्या.

"सामना रद्द, हाज्जा. म्हणजे झालाच नाही," ते म्हणाले. "न झालेल्या सामन्यात दुखापत कशी होईल?"

"मग हा गुडघा कुठे मोडला? माझ्या स्वयंपाकघरात?"

"ते आम्हाला कसं ठाऊक? आम्ही तिथे नव्हतो."

"तुम्ही बाकावर बसून बिया खात होतात! हाच कोट होता!"

"कुठल्या सामन्यात?" सी तौहामींनी नम्रपणे विचारलं.

झुलीखाने टेबलावरच्या बिया जमिनीवर लोटल्या.

"आणि माझं पिवळं कार्ड?" लखदर म्हणाला. "तेही झालं नाही ना?"

"कार्ड कायम आहे. शिस्त सामन्यावर अवलंबून नसते. या हंगामातलं तुझं हे तिसरं, म्हणून पुढच्या सामन्यातून तू बाद." ते बिया वेचायला वाकले. "तक्रार असेल तर लेखी द्या."

दोघं बाहेर पायरीवर बसले. आईने कुबड्या आपल्या मांडीवर आडव्या घेतल्या.

"मी तोंड बंद ठेवलं असतं," ती म्हणाली, "तर तुझा गोल राहिला असता. लीगने पायही नीट करून दिला असता."

"यम्मा, माझं तोंड मातीत होतं. मला काहीच दिसलं नाही. गोल झाला हे मला तुझ्या जगरूतेवरूनच कळलं."

तिने ओढणीने नाक पुसलं. मग उठली, आत गेली आणि सी तौहामींच्याच टेबलावरून कोरा कागद आणि पेन उचलून आणलं. "लिही," ती म्हणाली. "मी सांगते."

"माननीय लीग यांस. आपल्या निर्णयाचा आम्ही पूर्ण आदर करतो. सामना झाला नाही, हे आम्हाला मान्य आहे. सबब, खेळाडूचा डावा गुडघा न झालेल्या सामन्याच्या आदल्या दिवशी होता तशा स्थितीत विनाविलंब परत करण्यात यावा. सदर गुडघा खाली दरवानाकडे न ठेवता तिसऱ्या मजल्यावर, खेळाडूच्या आईच्या हाती द्यावा, कारण मूळ गुडघा तिनेच दिला होता. आणि तो पोहोचल्यावर तिला बाल्कनीत येऊन एकदा ओरडण्याची लेखी परवानगी मिळावी, ही विनंती."